गुण्या

मे महिना लागला की आमच्याकडं पहिली बातमी पावसाची नसते. उजनी मायनसमध्ये गेली, ही असते. चहाच्या टपरीवर, दूध घालायच्या रांगेत, एसटीत, सगळीकडं हेच. 117 टीएमसीच्या या जलाशयातलं साधारण 63 टीएमसी पाणी मृतसाठ्यात धरतात. वरचं वापरायचं पाणी संपलं की धरण शून्यावर येतं आणि तिथून खाली उणे दहा, उणे वीस अशी मोजदाद सुरू होते. शून्याच्या खालीही एवढं पाणी असतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. इंदापूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या पोराला ते फार लवकर कळतं.

आमच्या जिजीला टक्के कळत नसत. जिजी म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. ती काठावर जाऊन गाळाकडं बघायची. गाळ तडकला, भिगवणकडच्या रोहित पक्ष्यांची दाटी विरळ झाली, पळसदेवच्या बुडालेल्या पळसनाथाचं शिखर खांद्यापर्यंत वर आलं, की ती खराटा नि पाण्याचा तांब्या घेऊन निघायची. जुन्या गावात जायची. जुनं गाव म्हणजे भीमेच्या काठाला होतं ते, उजनी भरत गेली तसं पाण्याखाली गेलेलं. आमच्या घराचं जोतं आणि दगडी उंबरा तेवढा तिथं राहिलाय. उन्हाळा कडक असला तर तो उघडा पडतो.

उंबऱ्याशी पोचल्यावर जिजी चपला बाहेर काढायची. भिंती नाहीत, छप्पर नाही, चहूकडं नुसता चिखल, आणि ही बाई उंबऱ्याबाहेर चपला काढून, पदर नीट करून आत पाऊल टाकायची. मग झाडायला लागायची. गाळ, शिंपले, चिलापीचे काटे, कुणाच्या जाळ्याचं तुटकं टोक. सोप्यापासून सुरुवात, मग माजघर, शेवटी चूल होती ती जागा. झाडून झालं की तांब्यातल्या पाण्याचा सडा. मग थोडा वेळ टेकायची आणि धारेच्या वेळेला घरी परत. सगळा मिळून दोन-अडीच तासांचा कार्यक्रम.

गाव म्हणायचं, जिजीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मराठीतलं हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. परिणाम झालाय, पण कशाचा, ते या वाक्यात कुणी कधी घालत नाही. पाय मोडला तर आपण कुठं पडला ते विचारतो. इथं कारण विचारायचीच सोय नाही.

कॉलेजला मी बारामतीला होते. रोज एसटीनं ये-जा. मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘अपसामान्य वर्तन’ असा धडा होता आणि त्यात अपसामान्य कशाला म्हणायचं याचे निकष दिले होते. पहिला संख्याशास्त्राचा : बहुतेक लोक करत नाहीत ते अपसामान्य. दुसरा समाजाच्या चालीरीतींचा. तिसरा त्या माणसाला होणाऱ्या क्लेशाचा. चौथा रोजचं काम, नाती, खाणंपिणं यांत येणाऱ्या बिघाडाचा. आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे का, हा पाचवा. मी वहीच्या मागच्या पानावर जिजीला या निकषांवर बसवून पाहिलं होतं. पहिल्या दोन निकषांपुढं बरोबरची खूण केली, तिसऱ्यापुढं प्रश्नचिन्ह ठेवलं आणि खाली एका आजाराचं नाव लिहून टाकलं. वयाच्या विसाव्या वर्षी एका माणसावर इतक्या सहज शिक्का मारता येतो, याचं मला आज फार वाईट वाटतं. ती वही मी अजून टाकलेली नाही. आता मीच तो धडा शिकवते.

संख्येचा निकष किती तोकडा आहे हे सांगायला बारामतीत लांब जावं लागत नाही. कऱ्हेच्या काठी अठराव्या शतकात मोरोपंत राहत होते. 1729 ते 1794 त्यांचा काळ. त्यांनी 108 रामायणं रचली असं सांगतात आणि त्यातली कित्येक मुद्दाम घातलेल्या अवघड अटींवर. निरोष्ठ रामायण घ्या : ओठ ओठाला लावून म्हणायचं अक्षर त्यात चालत नाही. म्हणजे प, फ, ब, भ गेले, आणि म सुद्धा गेला. ‘राम’ हा शब्दच उच्चारायचा नाही आणि रामायण सांगायचं! बहुतेक लोक जे करत नाहीत तेवढंच बघायचं तर पंतांचं नाव यादीत सगळ्यात वर येईल. आपण त्यांना पंतकवी म्हणतो, शाळेत आर्या शिकवतो. दुर्मीळ असणं आणि आजारी असणं या दोन वाटा आहेत. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, पण त्यांना पटतं. दुसरा निकष पटवायला मात्र वेळ लागतो, कारण लोक काय म्हणतील या वाक्यात आपण सगळेच वाढलोय.

तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात. पुढं सणसर, मग बेलवाडीला गोल रिंगण. बेलवाडीला मी लहानपणापासून जाते. सत्तरीची बाई डोक्यावर तुळस घेऊन धावते. एरवी काठी टेकत चालणारे आजोबा पखवाजाच्या मागं पळत सुटतात. घोडा दौडून गेला की त्याच्या टापांखालची माती माणसं कपाळाला लावतात. कुणी ढसाढसा रडतं आणि शेजारचा माणूस त्याला काय झालं म्हणून विचारतही नाही, कारण काय झालं ते त्याला ठाऊक असतं. आता याच आजोबांना फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी भिगवण चौकात एकट्यानं असं धावताना, माती कपाळाला लावताना बघा. अर्ध्या तासात घरी फोन जाईल. आजोबा तेच, धावणंही तेच, भोवतीचं रिंगण तेवढं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणानं, 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीनं, ही गोष्ट सरळ लिहून ठेवलीय. अंगात येण्यासारख्या अवस्थांचा विकार त्यात आहे, पण एखाद्या समाजानं मान्य केलेल्या धार्मिक रीतीचा भाग म्हणून ते होत असेल तर तो विकार नव्हे. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की शास्त्रानं आमच्या जत्रा कधीतरी पाहिल्या असाव्यात.

समाजाच्या मापानं आजार ठरवला की काय होतं, याची उदाहरणं काळजाला चरा पाडणारी आहेत. 1851 साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं एक रोग शोधून काढला, ड्रॅपेटोमेनिया. लक्षण एकच : गुलामाला मालकाकडून पळून जावंसं वाटणं. समलैंगिकता अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत 1973 पर्यंत विकार म्हणून होती. ती यादीतून निघाली तेव्हा माणसं बदलली नव्हती, माप बदललं होतं.

‘नॉर्मल’ हा शब्द आता आपला झालाय. नॉर्मल डिलिव्हरी, रिपोर्ट नॉर्मल, गोळी घेतली की नॉर्मल वाटतं. त्याचं मूळ लॅटिनमधल्या नॉर्मा या शब्दात आहे आणि नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, कोन काटकोनात आहे का बघायचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. कारण आमच्या घरात गुण्याची एक गोष्ट आहे.

जुनं घर सोडताना लोकांनी तुळया, वासे, दारं, कड्या, सगळं बैलगाड्यांत घातलं. आमच्या आजोबांनी पुढच्या दाराची सागवानी चौकट काढून आणली. नव्या गावठाणात भिंत उभी राहिली, चौकट बसवायला घेतली तर ती बसेना. सुतारानं गुण्या लावला आणि म्हणाला, “आबा, भिंत गुण्यात हाय. चौकट न्हाई.” आजोबांना ते मान्यच होईना. त्यांच्या वडिलांच्याही आधीपासून त्या चौकटीनं दार धरलं होतं, एक दिवस कुरकुर नाही. सुतार भला माणूस होता. त्यानं पुन्हा माप घेतलं आणि म्हणाला, “तिथली भिंतच तिच्यासारखी आसंल.” चौकट तासू नका, असं आजोबांनी सांगितलं. शेवटी फटीत पाचरी ठोकल्या. ते दार आजही जरा उचलून लावावं लागतं. आम्हा घरच्यांचे हात आपोआप ते करतात. पाहुण्यांना कडी लागत नाही.

आता 2016 च्या उन्हाळ्याकडं येते, कारण जे मला सांगायचंय ते तिथं घडलं.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. धरण मायनसमध्ये खोल गेलं होतं. काठावरचे शेतकरी पाण्याच्या मागं मागं चालले होते : चारी खोदायची, पाइप वाढवायचा, मोटर पुढं न्यायची, आठ दिवसांनी पुन्हा पुढं. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच एक. त्याची तीन एकर डाळिंबाची बाग आधीच तेल्यानं घालवली होती. फळांवर काळे तेलकट डाग, मग तडे, मग सगळी बाग उपटून बांधाला. कर्ज होतं. पण भाऊ नॉर्मल होता. हा शब्द घरातला प्रत्येक जण वापरत होता. पहाटे उठतोय, धारा काढतोय, डेअरीला जातोय, कुणाशी वाद नाही, दारू नाही. थकवा येतो म्हणून एका दवाखान्यात रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आई म्हणाली, देव पावला.

तो रात्री झोपत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि यात घरच्यांचा दोष नाही. आमच्याकडं शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन माणूस मोटरीकडं चाललाय, यात आमच्या तालुक्यात वेगळं काय आहे? पाटाखालच्या आणि धरणाकाठच्या हजारो घरांतले पुरुष रात्री अंथरुणात नसतात. निद्रानाशाला लपायला याहून चांगली जागा नाही.

लक्षात आलं जिजीच्या. ती अंगणात बाजेवर झोपायची. एका शनिवारी मी बारामतीहून गेले तर तिनं मला गोठ्यामागं नेलं आणि हळूच म्हणाली, “बाय, ह्या आठवड्याला लाईट दिसाची हाय. मग ह्यो रातचा कुठं जातो?”

मी काहीच बोलले नाही. ती पुढं म्हणाली, “आन् चालतो बघ कसा. माघारी येताना उभाच राहतो मधी.”

मारी याहोदा या मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव मी वर्गात दर वर्षी घेते. तरुणपणी, 1930 च्या सुमाराला, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल नावाच्या गावाचा अभ्यास केला होता. गावातली गिरणी बंद पडलेली, जवळजवळ सगळं गाव बेकार. त्या अभ्यासात एक नोंद आहे : या मंडळींनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या चालीची गती मोजली आणि माणूस वाटेत किती वेळा थांबतो तेही टिपलं. पुरुष सावकाश चालत होते, मधेच उभे राहत होते. मी ते अनेकदा शिकवलं होतं. माझ्या भावाची चाल मला दिसली नाही. जिजीला दिसली.

बारामतीतल्या मनोविकारतज्ज्ञांकडं त्याला नेताना तो गाडीत एकच वाक्य बोलला, “ताई, मी येडा झालोय का?” मी नाही म्हणाले, पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा झोपेचं विचारलं. तो म्हणाला, लाईट रात्रीची असते. डॉक्टर म्हणाले, “आणि दिवसाच्या पाळीत?” भाऊ गप्प झाला आणि मग बराच वेळ रडला. मी त्याला दहावीनंतर रडताना पाहिलं नव्हतं. मग एकेक निघत गेलं. भूक नाही. कशातच मन नाही. आपण घराला भार झालोय हा विचार रोजचा. दोन आठवडे सलग असं असलं तर नैराश्याच्या आजाराचा विचार करायचा, असं पुस्तकात आहे. त्याचे तीन महिने झाले होते.

कशातच न बसणारा होता तो, म्हणजे बाहेरून. लोकांपेक्षा वेगळं काही करत नव्हता. रीत मोडत नव्हता. कामही चालू होतं. जे होतं ते तिसऱ्या निकषात होतं, क्लेशात, आणि तो निकष बाहेरून दिसत नाही, विचारावाच लागतो. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांमागं दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं आढळलं आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. संख्येनं बघायचं तर एवढी माणसं अपवाद म्हणून मोजायची तरी कशी?

गोळ्या सुरू झाल्या. भाऊ त्या मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीत ठेवायचा. घरात ठेवल्या तर पाहुण्यारावळ्यांना दिसतील म्हणून. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाइप ओढण्यावरून त्याचं शेजारच्याशी कडाक्याचं भांडण झालं. बांधावरून आवाज घरापर्यंत आला आणि आईनं देवापुढं साखर ठेवली.

याहोदांनी पुढं 1958 साली एक पुस्तक लिहिलं, मानसिक आरोग्य म्हणजे नेमकं काय असतं यावर. आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, असं त्यांचं म्हणणं. धरण शून्यावर आलं म्हणजे भरलं असं आपण म्हणत नाही, तसंच हे. त्यांच्या सहा कसोट्यांत एक आहे वास्तवाचं भान आणि एक स्वतंत्र वृत्ती, म्हणजे चार लोक काय म्हणतात त्यावर आपलं वागणं न टांगणं. हे दुसऱ्यांदा नीट वाचलं ते त्याच वर्षी, आणि जिजीकडं मी पुन्हा पाहिलं. एकदा मी तिच्याबरोबर जुन्या गावात गेले आणि मनाचा हिय्या करून विचारलं, “जिजी, घर कुठंय?”

ती झाडत होती. थांबली नाही. “घर गेलं की पाण्यात. ही जागा हाय.”

वीस वर्षं मी तिच्या डोक्यावरच्या परिणामाचा विचार करत होते आणि तिला सगळं ठाऊक होतं. घर उभं आहे असं ती कधी म्हणालीच नव्हती. कुणाला दिसत नाही ते तिला दिसत नव्हतं. गेलेल्याची जागा ती झाडत होती, एवढंच. उरलेले अकरा महिने तिच्याएवढं कामाचं माणूस घरात नव्हतं.

दुःख किती दिवस चालावं याचंही आता माप आहे. अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेच्या 2022 च्या आवृत्तीत ‘लांबलेला शोक’ हा विकार आला : जवळचं माणूस गेल्याला वर्ष उलटलं आणि तरीही शोक रोजच्या जगण्याला पांगळं करत असेल तर. ज्यांना त्यात मदत मिळेल त्यांच्यासाठी ते नाव चांगलंच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण ते माणसांच्या मृत्यूसाठी आहे. अख्खं गाव गेल्याचा शोक किती वर्षं धरायचा हे त्यात लिहिलेलं नाही. पळसनाथाचं शिखर वर आलं की इंदापूर तालुक्यातल्या किती म्हाताऱ्या माणसांचे डोळे तिकडं लागतात, ते मी पाहिलंय.

2017 साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला. आपल्याकडं त्याआधी 1987 चा होता आणि त्याच्याही आधी 1912 चा, वेडेपणाच्या नावानंच. नव्या कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या आहे : विचार, भावस्थिती, आकलन, स्मरण यांतला असा मोठा बिघाड की ज्यानं निर्णयशक्ती, वागणं, वास्तव ओळखण्याची किंवा रोजच्या गरजा भागवण्याची ताकद ढासळते. त्याच्या लगेच पुढचं तिसरं कलम मी वर्गात सावकाश वाचते. भोवतालच्या समाजाची नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कामाविषयीची किंवा राजकीय मूल्यं, धर्मश्रद्धा एखादा माणूस पाळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. संसदेला हे लिहावं लागलं, कारण आपण सगळे ते करत आलोय. मागच्या बाकावरची एक मुलगी एकदा तास संपल्यावर थांबली. लग्नाला नाही म्हणते म्हणून घरचे तिला देवऋष्याकडं नेत होते. मी तिला ते कलम वहीत उतरवून दिलं. फळ्याच्या कोपऱ्यात टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक असतो. तो मी पुसू देत नाही.

जिजी गेली ती धरण काठोकाठ भरलेलं असताना. जुनं गाव खोल पाण्यात होतं. तिचा खराटा माळ्यावर राहिला.

2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली उतरली. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं आणि पुण्याकडून गाड्या येऊ लागल्या. मी घरी होते. भाऊ मोटर पुढं न्यायला म्हणून गेला होता, त्याचा फोन आला : “जोतं वर आलंय. येतीस का?” मी निघताना माळ्यावरून खराटा घेतला.

तो उंबऱ्याशी उभा होता. मी पोचल्यावर त्यानं माझ्या हातातल्या खराट्याकडं पाहिलं, काही बोलला नाही. वाकून चपला काढल्या, चिखलात जोडून ठेवल्या आणि आत गेला. मीही काढल्या. त्यानं सोप्यापासून झाडायला सुरुवात केली. देवळाकडं आलेली चार-पाच पोरं मोबाइल खाली करून आमच्याकडं बघत उभी होती.